चूक शिष्यांची, जाब गुरूला



शिष्याने नाव काढले की लोक गुरूचे नाव विचारतात, आणि शिष्याने तोंड काळे केले तरीही गुरूचेच नाव विचारतात. पहिल्या वेळी गुरू पुढे होऊन नमस्कार घेतो. दुसऱ्या वेळी मात्र तो म्हणतो, "मला काय ठाऊक? मी काय प्रत्येकाच्या पाठीमागे फिरत होतो?" हे उत्तर खोटे असतेच असे नाही. खरोखरच त्याला ठाऊक नसते. पण 'ठाऊक नव्हते' एवढे म्हटल्याने तो मोकळा होतो काय? हा प्रश्न शाळामास्तरांना पडतो, तालमीतल्या वस्तादाला पडतो, घरात वडील माणसालाही पडतो. त्याचा सर्वांत कडाक्याचा वाद झाला तो अमेरिकेत, कॉलेजांच्या फुटबॉलच्या मैदानावर. त्या इतिहासातली एक मोठी गोष्ट आणि तिच्या मागून आलेल्या एकदोन लहान गोष्टी आज तुम्हांला सांगायच्या आहेत.

आधी तो खेळ काय आहे ते पाहू. आपण फुटबॉल म्हणतो तो हा नव्हे. अमेरिकेतल्या फुटबॉलचा चेंडू सोललेल्या नारळासारखा लांबट. तो हातात धरून पळायचे, लांब फेकायचा, समोरच्या संघाने अंगावर येऊन आडवे पाडायचे. एका बाजूला अकरा गडी. शनिवारी दुपारी कॉलेजाचा सामना असला म्हणजे प्रेक्षागृहात पन्नास हजार, ऐंशी हजार, कुठे कुठे लाखभर माणूस जमते. संघ जिंकला की कॉलेजाकडे देणग्या येतात. त्यामुळे संघाचा शिक्षक, ज्याला तिकडे 'कोच' म्हणतात, तो कॉलेजातला मोठा मातब्बर मनुष्य. त्याचा पगार पुष्कळ ठिकाणी कॉलेजाच्या अध्यक्षापेक्षाही अधिक असतो.

हा खेळ आरंभी इतका दांडगा होता की मुले मैदानावर मरत. १९०५ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन या कॉलेजांच्या लोकांना बोलावून ताकीद दिली. पुढच्याच वर्षी, १९०६ मध्ये, कॉलेजांनी मिळून एक संघटना काढली. तीच पुढे 'एनसीएए' या नावाने प्रसिद्ध झाली. प्रथम खेळाचे नियम झाले, मग खेळाडूंचे. खेळाडू हा खराखुरा विद्यार्थी असला पाहिजे, त्याने परीक्षा पास झाली पाहिजे, खेळाच्या नावावर पैसे घेता कामा नयेत, वगैरे वगैरे. नियम झाले; पण मुलांनी ते मोडले तर धरायचे कोणाला? मुलालाच, की त्याला मैदानावर उतरवणाऱ्यालाही? याचे उत्तर ठरायला पुढे शंभर वर्षे लागली.

आता मुख्य गोष्टीकडे वळू.

न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला, हडसन नदीच्या काठी वेस्ट पॉइंट नावाचे ठिकाण आहे. तिथे अमेरिकेच्या लष्कराची अधिकारी तयार करणारी संस्था १८०२ पासून चालू आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना 'कॅडेट' म्हणतात. ह्या संस्थेत एक सचोटीची संहिता आहे, 'ऑनर कोड'. कॅडेट खोटे बोलणार नाही, फसवणार नाही, चोरी करणार नाही. एवढ्यावरच ती थांबत नाही. सोबत्याने असे केलेले दिसले आणि आपण गप्प बसलो, तर तोही गुन्हाच. त्या काळी शिक्षा एकच असे, संस्थेतून बाहेर. कारण उघड आहे. उद्या रणांगणावर ज्याच्या शब्दावर शंभर जणांचे प्राण टांगलेले असतील, त्याचा शब्द आज परीक्षेच्या वर्गातच खरा ठरला पाहिजे.

याच संस्थेच्या फुटबॉल संघाचे कोच होते अर्ल ब्लेक. तांबूस केसांमुळे त्यांना सगळे 'रेड' ब्लेक म्हणत. ते स्वतः वेस्ट पॉइंटचेच, १९२० साली शिकून बाहेर पडलेले. १९४१ मध्ये ते कोच म्हणून परत आले, तेव्हा संघाची दशा वाईट होती. तीनच वर्षांत, १९४४ आणि लागोपाठ १९४५ मध्ये, त्यांचा संघ सबंध देशात पहिला ठरला. पुढेही तोच दरारा राहिला. १९५० च्या डिसेंबरात नौदलाच्या संघाने त्यांना हरवले, तेव्हा त्याआधीचे सलग २८ सामने हा संघ हरलेला नव्हता. ब्लेक यांची शिस्त कडक होती. मोजके बोलणे, दारूचा थेंब नाही, सगळे काम घड्याळाच्या काट्यावर. मुले त्यांना भीत आणि त्यांच्यावर जीवही टाकीत. १९५१ साली संघात सामन्याची सूत्रे हलवणारा गडी होता तो खुद्द त्यांचा मुलगा.

मग घात झाला कुठे? तर परीक्षेत.

वेस्ट पॉइंटमध्ये त्या काळी सुमारे अडीच हजार कॅडेट होते आणि त्यांच्या दोन पलटणी केलेल्या होत्या. चाचणी परीक्षा एका पलटणीची आज होई, दुसरीची उद्या. प्रश्नपत्रिका मात्र तीच! आपल्याकडचा एखादा मास्तर हे ऐकून कपाळाला हात लावील. पण संस्थेचे म्हणणे असे की, आमची मुले शब्दाची पक्की आहेत, आज परीक्षा दिलेला उद्याच्याला प्रश्न सांगणार नाही. आणि बहुतेक मुले खरोखरच सांगत नसत.

फुटबॉलच्या गड्यांची गोष्ट थोडी निराळी होती. दुपारभर मैदानावर अंग मोडून खेळायचे, रात्री डोळे मिटत असताना गणित सोडवायचे. त्यातले काही अभ्यासात आधीच कच्चे. हुशार सोबती त्यांना शिकवीत, इथपर्यंत ठीक होते. पुढे कोणीतरी कोणालातरी उद्याचा एक प्रश्न सांगितला. मग दोन सांगितले. मग नव्या गड्याला जुना गडी म्हणू लागला, "घाबरू नकोस, आपल्यात असे चालते." होता होता ती एक रीतच पडली. सोबत्याला जपणे हे त्यांना सोबत्याचा गुन्हा उघड करण्यापेक्षा मोठे वाटू लागले. आणि सोबत्याला जपायला त्यांना कोणी शिकवले होते? मैदानाने. एकमेकांसाठी अंगावर घाव झेला, कोणालाही एकटा पडू देऊ नका, हा तर संघाचा पहिला धडा. मैदानावरचा सद्गुण परीक्षेच्या खोलीत शिरला आणि तिथे दुर्गुण झाला.

१९५१ च्या एप्रिलमध्ये ही कुणकुण अधिकाऱ्यांच्या कानावर आली. त्यांनी काही कॅडेटांकडून गुपचूप माहिती काढली आणि मेअखेर चौकशी मंडळ बसवले. मुलांना बोलावणे येऊ लागले तेव्हा घाबरून ती आपल्या कोचकडे गेली. ब्लेक यांना आधी काही ठाऊक होते असे सिद्ध झाले नाही. आता कळले तेव्हा त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. "गप्प राहा, कोणाचे नाव घेऊ नका," असे ते सांगू शकत होते. मुलांनी त्यांचा शब्द खाली पडू दिला नसता. ब्लेक यांनी सांगितले ते उलट. मंडळापुढे जा आणि खरे काय ते सांगा. मुले गेली आणि खरे बोलली. त्यांचा स्वतःचा मुलगाही त्यांत होता. प्रश्नांची देवघेव होते हे त्याला ठाऊक होते आणि तो गप्प राहिला होता.

त्या कबुलीवरच मुलांचा निकाल लागला. निवृत्त न्यायाधीश लर्नेड हँड आणि दोन निवृत्त सेनानी यांच्या समितीने सगळे कागद पुन्हा तपासले. ३ ऑगस्ट १९५१ रोजी लष्कराने जाहीर केले की, नव्वद कॅडेटांना संस्थेतून काढण्यात येत आहे. त्यांपैकी ३७ जण फुटबॉलचे खेळाडू होते. सगळा देश हादरला. त्या वेळी कोरियात लढाई चालू होती. १९४९ च्या संघाचा कर्णधार तिथे आदल्याच वर्षी पडला होता. अशा दिवसांत उद्याचे अधिकारी परीक्षेत फसवतात, ही बातमी लोकांच्या जिव्हारी लागली. लष्कराच्या आणि नौदलाच्या संस्थांतला फुटबॉल काही काळ बंदच ठेवावा, अशी सूचना सिनेटर फुलब्राइट यांनी केली.

आता प्रश्न ब्लेक यांचा. त्यांना कोणी काढले नाही. स्वतःच निघून जावे असे त्यांच्या मनात होते. सल्ला घेण्यासाठी ते जनरल मॅकआर्थर यांच्याकडे गेले. मॅकआर्थर एके काळी याच संस्थेचे प्रमुख होते, आणि तिथली ऑनर कमिटी रीतसर स्थापन झाली तीही त्यांच्याच कारकिर्दीत. सल्ल्याचा मथितार्थ असा होता की, गोळ्या सुटत असताना ठाणे सोडून जाऊ नकोस. ब्लेक राहिले. मात्र त्यांनी न्यूयॉर्कमध्ये पत्रकारांना बोलावून मुलांची बाजू मांडली. ही मुले मुळात वाईट नाहीत, शिक्षा फार कठोर झाली, असे त्यांचे म्हणणे होते. ते मत त्यांनी पुढे जन्मभर सोडले नाही.

त्यांच्या म्हणण्यात थोडे सत्य होतेच. तीच प्रश्नपत्रिका दोन दिवस वापरणारी संस्था मुलांपुढे रोज मोह ठेवीत होती. शिवाय ज्यांनी प्रामाणिकपणे कबुली दिली, त्यांनाच शिक्षा लागू झाली. खोटे बोलून सुटलेला मात्र आत राहू शकत होता. हे शल्य कोणाच्याही मनाला बोचण्यासारखे आहे.

पण चौकशीत आणखी एका गोष्टीकडे बोट दाखवण्यात आले. फुटबॉलचा संघ हा संस्थेतल्या संस्थेसारखा झाला होता. त्यांचे उठणे-बसणे निराळे, त्यांची शिकवणी निराळी, त्यांचा अभिमान निराळा. हे निराळेपण कोणी वाढवले होते? ब्लेक यांनीच. वाईट हेतूने नव्हे, जिंकण्यासाठी. ते संघाचे कोच तर होतेच, संस्थेच्या सगळ्या खेळांचा कारभारही त्यांच्याच हाती होता. त्यांच्या संघातला प्रत्येक गडी कोणत्या पायाने आधी पळतो, हे त्यांना माहीत होते. तोच गडी आज परीक्षेत कसा पास झाला, हे त्यांना माहीत नव्हते. स्वतःच्या घरात, स्वतःचा मुलगा ज्या गोष्टीबद्दल मूग गिळून होता, ती त्यांना कळली नाही. मला वाटते, ब्लेक यांच्या जबाबदारीचा खरा भाग इथे आहे. त्यांनी फसवायला शिकवले नाही. पण 'संघापुढे काही नाही' हे इतके चांगले शिकवले की, संघापुढे सचोटीही मागे पडू शकते, हा मुलांनी काढलेला अर्थ त्यांच्या ध्यानातच आला नाही.

पुढे काय झाले तेही सांगतो. त्या शरद ऋतूत ब्लेक यांनी उरलीसुरली, कोवळी मुले घेऊन संघ उभा केला. नऊ सामन्यांपैकी सात हरले, दोन जिंकले. नौदलाने ४२ विरुद्ध ७ असा धुव्वा उडवला. दुसऱ्या वर्षी चार जिंकले, चार हरले, एक बरोबरीत सुटला. १९५३ साली सात सामने जिंकले, एकच हरले, आणि नौदलालाही नमवले. १९५८ मध्ये एकही सामना न हरता त्यांनी निरोप घेतला. त्या पडत्या काळात त्यांच्या हाताखाली व्हिन्स लोंबार्डी नावाचा तरुण सहायक होता. पुढे तो अमेरिकेतला नामांकित कोच झाला. धंदेवाईक फुटबॉलचे सर्वांत मोठे चषक आज त्याच्या नावाने दिले जाते.

म्हणजे ब्लेक यांचा हिशेब दोन रकान्यांत मांडावा लागतो. कळल्यावर त्यांनी काय केले, या रकान्यात जमा पुष्कळ आहे. खरे बोलायला लावले, पोटच्या मुलालाही वाचवले नाही, मुलांना वाऱ्यावर सोडले नाही, पराभवाची दोन वर्षे सोसली. कळण्याच्या आधी त्यांनी काय पाहिले, या रकान्यात मात्र खर्च पडतो. गुरूचे मोठेपण आणि गुरूची चूक एकाच माणसात अशी शेजारी शेजारी नांदू शकतात.

त्याच उन्हाळ्यात व्हर्जिनिया राज्यातल्या विल्यम अँड मेरी या जुन्या कॉलेजात उलटी तऱ्हा उघडकीला आली. तिथे खेळाडूंना प्रवेश मिळावा म्हणून त्यांच्या शाळेच्या गुणपत्रकांतच फेरफार झालेले आढळले. हा उद्योग मुलांचा नव्हता, खेळ-विभागातला होता. कोचला राजीनामा द्यावा लागला, आणि मागोमाग कॉलेजाचे अध्यक्षही गेले. इथे कुंपणानेच शेत खाल्ले होते, त्यामुळे न्याय करणे सोपे गेले. अवघड असतो तो ब्लेकसारख्यांचा न्याय.

वेस्ट पॉइंटलाही हा धडा एका खेपेत गेला नाही. १९७६ मध्ये तिथे पुन्हा परीक्षेतली फसवणूक बाहेर आली आणि दीडशेच्या वर कॅडेट गेले. या वेळी नेमलेल्या आयोगाने मात्र स्पष्ट म्हटले की, ह्या अपराधात संस्थेचाही वाटा आहे. गेलेल्या मुलांना वर्षभराने परत येण्याची वाट मोकळी ठेवली आणि पुष्कळजण परत आलेही. १९५१ च्या मुलांना ही दया मिळाली नव्हती. पंचवीस वर्षांत एवढे तरी लोकांना पटले, की मूल घसरले तर पायरीही तपासून पाहावी.

आता आपल्या काळातली एक गोष्ट. ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीचे कोच जिम ट्रेसल हे मोठे सज्जन म्हणून ओळखले जात. २०१० च्या एप्रिलमध्ये त्यांना एका वकिलाकडून ई-मेलने कळले की, तुमचे काही खेळाडू आपली बक्षिसे आणि खेळाच्या वस्तू एका गोंदणाच्या दुकानदाराला देतात आणि त्याच्याकडून गोंदवून घेतात, पैसेही घेतात. नियमाप्रमाणे असे खेळाडू अपात्र. ट्रेसल यांनी ही गोष्ट वरिष्ठांना सांगितली नाही. सप्टेंबरात 'नियमभंगाची कोणतीही माहिती मला नाही' अशा अर्थाच्या कागदावर सही केली आणि मुलांना सबंध हंगाम खेळवले. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे त्यांना वाटले असावे. पण ई-मेल म्हणजे कागदासारखेच असते, ते कुठेतरी राहतेच. २०११ च्या जानेवारीत ती पत्रे सापडली आणि ३० मे २०११ रोजी ट्रेसल यांना राजीनामा द्यावा लागला. २०१० चे जिंकलेले सामने नोंदीतून पुसले गेले. २०१२ साली हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्याला संघाला बंदी झाली, आणि ती भोगली ज्यांनी काहीच केले नव्हते अशा मुलांनीही. सुक्याबरोबर ओले जळते ते असे.

यात एक विलक्षण गोष्ट आहे, बरे का. मुलांचा अपराध तो काय? आपल्याच वस्तू विकल्या. २०२१ च्या जुलैपासून तर अमेरिकेतल्या कॉलेज-खेळाडूंना आपल्या नावावर आणि कीर्तीवर पैसे मिळवण्याची मुभाच मिळाली. म्हणजे त्या मुलांनी मोडलेल्या नियमाची धार दहा वर्षांत बोथट झाली. पण ट्रेसल यांची चूक आजही चूकच आहे. कळल्यावर लपवणे आणि खोट्यावर सही करणे, याला मुभा देणारा नियम कोणीही केला नाही. नियम येतात, बदलतात, जातात. सहीची किंमत मात्र बदलत नाही. ट्रेसल यांचे आयुष्य तिथेच संपले असेही नाही. ते पुढे एका विद्यापीठाचे अध्यक्ष झाले आणि २०२५ मध्ये ओहायोचे लेफ्टनंट गव्हर्नरही. समाज माणसाला पुन्हा उभे राहू देतो, हे चांगलेच आहे.

ह्या साऱ्या अनुभवांतून एनसीएएचा नियम हळूहळू घट्ट होत गेला. प्रथम प्रश्न असा असे की, कोचला ठाऊक होते का? ते सिद्ध करायची जबाबदारी तक्रार करणाऱ्यावर. पुढे नियम झाला की, हाताखालच्यांनी नियम मोडला तर कोच जबाबदार असे धरून चालायचे. मुलांना आणि सहायकांना नियम समजावून दिले होते, लक्षही ठेवले होते, हे कोचने दाखवले तर तो सुटेल. २०१३ पासून अशा कोचला सबंध हंगाम मैदानाबाहेर बसवण्याची तरतूद झाली. आणि २०२३ च्या जानेवारीपासून ती सुटकेची फटही बुजवण्यात आली. आता मुख्य कोच जबाबदार म्हणजे जबाबदारच. त्याने घेतलेली काळजी शिक्षा ठरवताना विचारात घेतील, एवढेच. 'मला ठाऊक नव्हते' हे उत्तर आता निकालात निघाले आहे.

हा नियम फार कडक आहे असे कोणी म्हणेल. शंभर गडी सांभाळणारा माणूस प्रत्येकाच्या खिशात काय आहे ते कसे पाहणार? शंका रास्त आहे. पण विजयाच्या दिवशी हा हिशेब कोणी मांडत नाही. शंभर गड्यांच्या घामाचे श्रेय एकटा कोच घेतो, पगारही घेतो, आणि ते त्याला शोभते. मग त्याच शंभरांच्या चुकीच्या वेळी तो एकदम गर्दीतला एक होऊन कसा चालेल?

शिक्षक मित्रांना जाता जाता एवढेच सांगावेसे वाटते. आपल्या शाळेचा कबड्डीचा, खो-खोचा संघ तालुक्याला जिंकून आला की आपण मुलांबरोबर छायाचित्राला उभे राहतो. राहावेच. पण एखादे मूल वय चोरून खेळले, परीक्षेत एकाने दुसऱ्याला दाखवले, हे कानावर आले की 'शाळेचे नाव जाईल' म्हणून पांघरूण घालण्याचा मोह होतो. त्या वेळी ब्लेक आणि ट्रेसल या दोघांची आठवण ठेवावी. म्हातारी मेल्याचे दुःख नसते, काळ सोकावतो. एका मुलाला पांघरूण घातले की बाकीची मुले ते पाहतात, आणि त्यातून शिकतातही. आणि कानावर येईपर्यंत थांबूही नये. आपल्या मुलाचा पाय किती जोरात पळतो हे पाहताना, तो घरी जाऊन काय वाचतो, कोणाबरोबर बसतो, काय लपवतो, हेही अधूनमधून विचारावे. त्याने खरे सांगितले तर त्या खऱ्याची किंमत ठेवावी. शिक्षा करायची ती करावी, पण मुलाच्या पाठीवरचा हात काढू नये. मुलांची चूक मुलांचीच राहते, ती गुरूने आपल्या डोक्यावर घ्यावी असे नाही. मात्र तिचा जाब द्यायची वेळ आली की गुरूने मुलांच्या पुढे उभे राहावे, मागे नव्हे.